कपाळावरचा डाग : फिकटलेली छायाचित्रे आणि पुनःस्थापनेची नीती

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पाणी २००५ च्या पुराच्या खुणेपेक्षाही वर चढले. अशा पुरात बुडालेल्या घरातून भांडी घासूनपुसून परत घेता येतात, कपडे वाळवता येतात, धान्य टाकून द्यावे लागले तरी पुन्हा आणता येते. तसबिरीतल्या आणि ट्रंकेतल्या छायाचित्रांची गोष्ट वेगळी असते. पाण्याने फुगलेला जिलेटिनचा थर काचेला चिकटतो, अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात, आणि ती सोडवू गेले की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. चार दिवसांनी बुरशी धरते. अशी छायाचित्रे घेऊन माणसे दुरुस्त करणाऱ्याकडे जातात तेव्हा त्यांची मागणी एका वाक्याची असते : होते तसे करून द्या. या लहानशा वाक्यात जो नैतिक प्रश्न दडलेला आहे, त्याचा विचार साहित्यसमीक्षेला परका नाही. 'होते तसे' म्हणजे कसे, आणि ते कोणाच्या साक्षीवरून ठरवावयाचे, हा पाठचिकित्सेचा मूळ प्रश्न आहे.

विचारासाठी एक उदाहरण कल्पावे. १९२० च्या सुमारास काढलेले एक कौटुंबिक छायाचित्र आहे. खुर्चीवर नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली स्त्री बसली आहे. पुरात भिजल्यामुळे सगळ्या चित्रावर बुरशीचे काळपट ठिपके उठले आहेत. त्यांतला एक ठिपका तिच्या कपाळाच्या मधोमध आहे. हे कुटुंब केशवपनाची रूढी नसलेल्या समाजातले आहे, त्यामुळे डोक्यावरच्या पदरावरून काही निश्चित सांगता येत नाही. कपाळावरचा ठिपका बुरशीचा असेल, कुंकवाचा असेल किंवा गोंदणाचाही असेल. दुरुस्त करणाऱ्याने इतर ठिपक्यांबरोबर तोही पुसला, तर एका सवाष्णीचे कुंकू पुसले जाण्याचा संभव आहे. त्याने तो रेखीव आणि गोल केला, तर एखाद्या विधवेला तिच्या हयातीत समाजाने जे नाकारले ते तिच्या मरणानंतर परस्पर बहाल केले जाईल. गोंदणाची शक्यता त्याहून अवघड आहे. गोंदण वैधव्यातही राहते, आणि त्या काळच्या बाईच्या देहावरची ती खूण तिच्या जातीचा, गावाचा आणि माहेराचा पत्ता सांगू शकते. तीन शक्यतांतून तीन वेगळी आयुष्ये निघतात, आणि निवड मात्र काही क्षणांत होते. बहुतेक वेळा अशी निवड झाली हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही निवड इतकी महत्त्वाची का ठरते, हे समजण्यासाठी छायाचित्र हे कोणत्या जातीचे चिन्ह आहे ते पाहावयास हवे. चार्ल्स पर्स यांच्या चिन्हविचारातील भेद येथे उपयोगी पडतो. चित्र हे साम्यावर आधारलेले चिन्ह असते. पावलाचा ठसा किंवा धूर हे प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले, निर्देशक चिन्ह असते. छायाचित्र ही दोन्ही असते. त्यात साम्य आहे, पण त्याची खरी सत्ता साम्यात नसून संपर्कात आहे. त्या बाईच्या अंगावरून परतलेला प्रकाश त्या काचेवरच्या रजतक्षारांवर पडला होता, म्हणून ते छायाचित्र आहे. रोलां बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅमेरा ल्युसिडा'त आपल्या आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी विस्ताराने लिहिले आणि ते छायाचित्र मात्र पुस्तकात छापले नाही. बार्थ यांच्या दृष्टीने छायाचित्राचा गाभा 'हे होते' या एका विधानात आहे. हे मान्य केले तर पुनःस्थापनेचा पेच स्पष्ट होतो. नव्याने भरलेला भाग साम्याच्या दृष्टीने कितीही बिनचूक असला, तरी त्या भागापुरता 'हे होते' असे म्हणण्याचा आधार नाहीसा झालेला असतो. उरते ते 'हे असावे'. हे दोन क्रियापदांचे अंतर पुसणे हाच येथला खरा नैतिक दोष आहे.

फिकटणे ही क्रियाही समजून घ्यावयास हवी, कारण सर्वच ऱ्हास एका प्रकारचा नसतो. कृष्णधवल छायाचित्रात प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. धुताना 'हायपो' पुरता निघाला नाही, तर त्यातील गंधक चांदीवर प्रक्रिया करते आणि काळे तपकिरी, पुढे पिवळट होत जाते. दमट हवेत चांदी पृष्ठभागाकडे सरकते आणि काळ्या भागांवर आरशासारखी निळसर चमक येते. १९७० नंतरच्या रंगीत छायाचित्रांत चांदी उरलेली नसते, रंगद्रव्येच असतात. त्यांतील निळसर रंग अंधाऱ्या कपाटातही आधी उडतो, म्हणून त्या काळातली लग्नाची कितीतरी छायाचित्रे आज लालसर दिसतात. या प्रकारांत माहिती पुष्कळदा मंद झालेली असते, नष्ट झालेली नसते. काळजीपूर्वक प्रत काढून उठाव वाढविला तर ती परत दिसू शकते. असे करताना कोणी काही रचत नाही. अस्पष्ट अक्षर उजेडात धरून वाचण्यासारखेच ते आहे. जेथे थरच गळून गेला, कसरीने खाल्ला किंवा पुराने नेला, तेथे मात्र वाचण्याजोगे काही राहिलेले नसते. तेथे केवळ लिहिता येते. वाचन आणि लेखन यांच्यातील ही सीमा कोठे आहे हे दुरुस्त करणाऱ्याला दिसत असते; पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

युरोपात जीर्ण वास्तूंच्या संदर्भात हा वाद एकोणिसाव्या शतकात झडला. व्हियोले-ल-द्यूक यांच्या मते पुनःस्थापना म्हणजे वास्तूला पूर्णत्व देणे. ते पूर्णत्व इतिहासात कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्ष नांदले नसले तरी हरकत नाही. जॉन रस्किन यांना असे पूर्णत्व ही शुद्ध लबाडी वाटे. विसाव्या शतकात चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली रोमच्या केंद्रीय संस्थेत एक मध्यम मार्ग घडला. भित्तिचित्रातील गळालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरावयाचा. लांबून चित्र अखंड दिसते. जवळ गेले की रेघा दिसतात आणि हे नंतरचे आहे हे कळते.

मराठी मनाला मात्र या वादाहून जवळचा एक दुसरा संस्कार आहे, तो मूर्तीचा. झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात आणि भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करतात. दोन्ही रूढींच्या मुळाशी एकच धारणा आहे. मूर्तीचे मोल तिच्यातील सान्निध्यात आहे, तिच्या प्राचीनतेत नाही; म्हणून खंडित रूप पूजेला चालत नाही. घरातल्या तसबिरीने हा संस्कार उचलला आहे. वारलेल्या माणसाच्या छायाचित्राला चंदनाचा हार घातला जातो, काचेवर गंध लावले जाते, श्राद्धाच्या दिवशी ते पाटावर ठेवले जाते. अशा वेळी ते दस्तऐवज राहत नाही, मूर्ती होते. मग अर्धा चेहरा गेलेले छायाचित्र भिंतीवर ठेवणे घराला सोसत नाही, आणि 'होते तसे करून द्या' ही मागणी वज्रलेपाची मागणी असते. तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. परंतु वज्रलेपाच्या बाबतीत मूर्तीला लेप दिला आहे हे भक्ताला ठाऊक असते. पुनःस्थापित छायाचित्राच्या बाबतीत ते घरातल्या एका पिढीला ठाऊक असते, पुढच्या पिढीला नसते.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येईल. मूळ छायाचित्र तरी कोठे निर्मळ होते? स्टुडिओत उंची पडदा मागे, कुंडी बाजूला, अंगावर उसना कोट. काचेवरच पेन्सिलीने सुरकुत्या कमी केलेल्या. एकट्याचे छायाचित्र कधी काढलेलेच नसेल तर लग्नाच्या समूहचित्रातून चेहरा उचलून मोठा करावयाचा, फेटा-कोट कुंचल्याने घालावयाचा, असे प्रकार स्टुडिओच्या धंद्यात रुळलेलेच होते. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या प्रदेशाला सोंग आणि सत्य यांच्या नात्याविषयी नव्याने सांगावयास नको. तेव्हा मूळच बनावट असेल तर त्यात भर घातल्याने काय बिघडले?

आक्षेपातील निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. उसना कोट हे खोटे असले तरी ते त्या माणसाचे स्वतःचे खोटे आहे. आपण कसे दिसावे याविषयीची त्याची इच्छा त्यात नोंदली गेली आहे, आणि म्हणून तो कोटही साक्षीचाच भाग आहे. आज घातलेला कोट ही आजच्यांची इच्छा आहे. समकालीन हात आणि उत्तरकालीन हात यांत हा फरक आहे, आणि पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो चांगला परिचित आहे. लेखकाने स्वतः केलेला बदल आणि लेखनिकाने नंतर घातलेला श्लोक यांना कोणी एका मापाने मोजत नाही.

पोथ्यांच्या या शास्त्राचा सर्वांत मोठा मराठी उद्योग याच भूमीशी जोडलेला आहे. औंध हे आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले गाव. जुन्या औंध संस्थानाचा आटपाडीसारखा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी उभारलेले संग्रहालय औंधला आजही आहे. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपुढे महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीची कल्पना मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १९१९ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, आणि साऱ्या पर्वांचे काम १९६६ मध्ये संपले. या कामासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. चित्रांची आवड असलेल्या एका संस्थानिकाच्या इच्छेतून जीर्ण संहितेच्या पुनःस्थापनेची नीती घडावी, हा योगायोग प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

त्या नीतीची तीन अंगे येथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, सुकथनकरांनी सिद्ध केलेली संहिता व्यासांची मूळ संहिता असल्याचा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने मागे जेथवर पोहोचता येते तेथवरचे ते रूप आहे, एवढेच सांगितले. दुसरे असे की, जो भाग संहितेत बसत नाही तो नष्ट केला नाही. तारांकित करून तळाशी किंवा परिशिष्टात ठेवला. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा अशीच परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा सभापर्वाच्या मुख्य संहितेत राहिला नाही. लोकांच्या मनात जे सर्वांत प्रिय ते तळाशी ठेवण्याचे धैर्य संपादकांनी दाखविले, आणि ते फेकून न देण्याची नम्रताही दाखविली. तिसरे अंग सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचे आहे. जेथे पाठ निवडला पण खात्री पुरती नव्हती, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली गेली. वाचकाला अखंड श्लोक वाचता येतो, आणि संपादकाचा हात कोठे डळमळला हेही दिसते. रोमच्या उभ्या रेघा आणि पुण्याची नागमोडी रेघ यांचे तत्त्व एकच आहे : भर घालण्यास हरकत नाही, भर लपविण्यास आहे.

छायाचित्राला हे तत्त्व लावून पाहावे. पोथ्यांना शाखा असतात, छायाचित्र मात्र बहुधा एकच उरलेले असते, असे वरकरणी वाटते. वस्तुतः समूहचित्राच्या प्रती नातेवाइकांत वाटल्या जात. एक सांगलीत भिजली असेल, तर दुसरी साताऱ्याला मुलीच्या सासरी किंवा मुंबईला चाळीतल्या ट्रंकेत कोरडी असू शकते. कल्पनेने चेहरा भरण्यापूर्वी दुसरी प्रत शोधणे म्हणजे पोथ्या ताडून पाहणे होय. जेथे एकच साक्षी उरला आहे तेथे दुरुस्ती हा शेवटचा उपाय असावा, हा पाठचिकित्सेचा दंडक येथेही लागू पडतो.

रंग भरण्याच्या बाबतीत तर हा दंडक अधिकच कडक हवा. जुन्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. सर्व रंगांना प्रतिसाद देणारे लेपन रुळेपर्यंत तांबडा रंग छायाचित्रात काळ्यासारखाच उतरत असे. त्यामुळे विधवेचे तांबडे आलवण आणि सवाष्णीची काळी चंद्रकळा जुन्या चित्रात सारखीच गडद दिसू शकते. आज त्या करड्या छटेला रंग देणारा माणूस किंवा यंत्र नकळत एका बाईचे सौभाग्य किंवा वैधव्य ठरवीत असते. त्वचेचा वर्णही याच कारणाने मूळपेक्षा गडद उतरे. तो 'मूळचा' करण्याच्या नावाखाली उजळ करण्याचा मोह होतो, आणि वर्णाला ज्या समाजात जातीचा आणि प्रतिष्ठेचा वास आहे तेथे हा मोह निर्दोष राहत नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावी १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांची शाळाशाळांतून दिसणारी रूपे बहुतांशी चित्रकारांनी घडविलेली आहेत. त्यांतील वर्ण आणि लुगड्याचा रंग ही चित्रकाराची निवड आहे. चित्र म्हणून ती निवड रास्त आहे, कारण चित्र स्वतःला चित्र म्हणवते. तीच निवड छायाचित्राच्या पोटात शिरली की तिला पुराव्याचे वजन येते.

आजची संगणकीय साधने हा प्रश्न तीव्र करतात. जुना कारागीर कुंचल्याने डोळा काढी तेव्हा तो निदान त्या घरच्या दुसऱ्या माणसाकडे पाहून काढी. असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले यंत्र गेलेल्या भागात जे घालते, ते त्या माणसाविषयीचे ज्ञान नसते. अनोळखी चेहऱ्यांतून काढलेला तो संभाव्य चेहरा असतो. महाभारताच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा प्रक्षेपच आहे, आणि तो इतका सफाईदार आहे की शैलीवरून पकडता येत नाही. दुरुस्ती ढोबळ होती तोवर तिचा ढोबळपणाच नागमोडी रेघेचे काम करीत असे. ती निर्दोष झाल्यामुळे रेघ मुद्दाम काढण्याचे कर्तव्य उत्पन्न झाले आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. शोक करणाऱ्या घराला संपादकाची शिस्त लावणे निर्दयपणाचे नाही का? आईचा चेहरा पुन्हा पाहू इच्छिणाऱ्या म्हाताऱ्या मुलीपुढे पाठभेद मांडणे हा विद्येचा उद्दामपणा होईल. या प्रश्नाचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. ती मुलगी जर म्हणाली की आईच्या कपाळावर गोंदण होते, तर तिची आठवण हा आधार आहे. मौखिक परंपरेची ती एक शाखाच आहे आणि तिला पोथीइतका मान मिळावयास हवा. पण कोणालाच आठवत नसेल, तर घराला हवे असलेले कुंकू काढून देणे ही सांत्वनाची गोष्ट असली तरी सत्याची नाही. सांत्वन देण्यास हरकत नाही. त्याने साक्षीची जागा घेऊ नये. मृताला हरकत नोंदविता येत नाही, म्हणून तिच्या वतीने ती हरकत जपून ठेवणे हे जिवंतांचे काम होते. तिच्याविषयी काय ठाऊक नाही, हेही तिच्याविषयीच्या सत्यात मोडते. शतकभरापूर्वीच्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तर ते अज्ञान हाच इतिहासाने मागे ठेवलेला सर्वांत मोठा भाग आहे. त्यावर रंग फासणे म्हणजे ज्या उपेक्षेने त्यांना निनावी ठेवले त्या उपेक्षेचा माग पुसणे होय.

यातून निघणारी वाट अव्यवहार्य नाही. भिजलेले मूळ, कितीही विद्रूप असो, टाकू नये आणि त्यावर कुंचला चालवू नये. काम प्रतीवर करावे. मंद झालेले वाचून घ्यावे, गेलेले भरावयाचे असेल तर भरावे. आणि तसबिरीच्या मागच्या बाजूला, जेथे पूर्वी नाव, नाते आणि तारीख लिहिण्याची पद्धत होती, तेथे काय भरले, कोणाच्या सांगण्यावरून भरले आणि कशाविषयी खात्री नाही हे लिहावे. घराच्या भिंतीकडे वळलेली ती बाजू श्राद्धाच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. पन्नास वर्षांनी कोणी ती तसबीर उतरवून उलटी केली, तर त्या बाईच्या कपाळावरचा ठिपका कुंकवाचा, गोंदणाचा की पुराचा हे त्याला तेव्हाही कदाचित ठरविता येणार नाही. पण ते ठरलेले नाही, एवढे त्याला निश्चित कळेल.